'पात्र' आणि 'स्थानिक' : डहाणू-तलासरीतील शिक्षकनिवडीची भाषिक चिकित्सा

शिक्षकांच्या नेमणुकीविषयी शासनाने वेळोवेळी काढलेल्या निर्णयांत दोन विशेषणे पुन्हापुन्हा येतात : 'पात्र' आणि 'स्थानिक'. पहिले परीक्षेने सिद्ध होते, दुसरे दाखल्याने. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी ह्या तालुक्यांत शिक्षकांच्या जागा रिक्त राहणे आणि त्याच तालुक्यांतील अध्यापनाची पदविका घेतलेल्या तरुणांनी नेमणुकीची वाट पाहत बसणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आल्या आहेत. ह्या विसंगतीची चर्चा सामान्यतः आरक्षण, निधी आणि बदल्या ह्यांच्या परिभाषेत होते. ती चर्चा निरर्थक नव्हे. परंतु तीत एक प्रश्न सहसा येत नाही, आणि तो भाषेच्या अभ्यासकांनीच पुढे आणावयास हवा होता : पाड्यावरच्या शाळेत प्रथमच आलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे बोलणे त्या शिक्षकाला कळते काय, आणि शिक्षकाचे बोलणे त्या मुलाला? 'पात्र' ह्या शब्दाच्या व्याख्येत हा प्रश्न नाही. 'स्थानिक' ह्या शब्दाच्या व्याख्येतही नाही. तो तेथून वगळला जाण्याची कारणे काही अंशी प्रशासनाच्या सोयीत आहेत, आणि काही अंशी, हे मान्य करावयास हवे, भाषाशास्त्राने केलेल्या वर्गीकरणात आहेत.

ह्या दोन तालुक्यांचा भाषिक नकाशा वाटतो तितका सरळ नाही. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणूत अनुसूचित जमातींचे प्रमाण दोनतृतीयांशांहून अधिक, तर तलासरीत ते नऊदशांशांच्या आसपास आहे. त्यांत वारल्यांची संख्या मोठी असली तरी कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया, दुबळा अशा इतर जमातीही आहेत. धोडियांच्या बोलीचा ओढा गुजरातीकडे आहे. समुद्रकाठी मांगेली आणि वाडवळी बोलल्या जातात. डहाणू-बोर्डीच्या वाड्यांमधून पारशी-इराण्यांची गुजराती ऐकू येते. १९६० साली राज्याची सीमा आखली गेली तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगावचा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीचा महाराष्ट्रात राहिला. पाडे तेच, सोयरिकी त्याच, बोली तीच; परंतु रेषेच्या दक्षिणेकडील वारली मुलाची शाळेची भाषा मराठी ठरली आणि उत्तरेकडील मुलाची गुजराती.

वारली ही मराठीची बोली आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तरही एकच नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वारली, कातकरी, वाडवळी, सामवेदी ह्या उत्तर कोकणातील बोलींची दखल मराठीच्या अंतर्गत घेतलेली आहे. पुढील काळात महाराष्ट्रातील शिक्षणव्यवस्थेने हीच भूमिका मुकाट्याने गृहीत धरली. ह्याउलट २०११ च्या जनगणनेच्या भाषाविषयक कोष्टकांत वारली आणि कोकणा ह्या मातृभाषा 'भिली/भिलोडी' ह्या शीर्षकाखाली गणल्या गेल्या आहेत. एकच बोलणे एका ग्रंथात मराठी ठरते आणि दुसऱ्यात भिली. रूपप्रक्रियेच्या दृष्टीने कोणते मत अधिक सयुक्तिक, हा वाद येथे सोडविण्याची आवश्यकता नाही. वर्गीकरण हे अभ्यासकाच्या टाचणवहीपुरते राहत नाही, त्याला प्रशासकीय परिणाम असतात, एवढेच ध्यानात घ्यावयाचे आहे.

तो परिणाम असा. १९५६ साली राज्यघटनेत घातलेल्या ३५०-क ह्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य गटांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचे प्रयत्न करावयाचे दायित्व राज्यांवर टाकले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील एकोणतिसावे कलमही शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर बालकाची मातृभाषा असावे असे सांगते. परंतु वारली ही मराठीच आहे असे एकदा मानले की तलासरीचे वारली मूल अल्पसंख्य राहत नाही; त्याला मातृभाषेतून शिक्षण मिळतच आहे, असा निष्कर्ष आपोआप निघतो आणि त्याची फाईल तेथेच बंद होते. त्याच कायद्याचे तेविसावे कलम शिक्षकाच्या अर्हतेविषयी आहे. त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१० मध्ये किमान अर्हता ठरवून दिल्या. त्यांत गुण आहेत, पदविका आहे, पात्रता परीक्षा आहे. मुलाची भाषा नाही. एकोणतिसावे कलम ज्या मुलाकडे पाहते त्याच्याकडे तेविसावे कलम पाहत नाही. एकाच कायद्यातील दोन कलमांची एकमेकांशी इतकी अनोळख असावी, हे चमत्कारिक आहे.

वर्गात ह्याचे रूप कसे दिसते, ते एका सर्वनामावरून पाहता येईल. प्रमाण मराठीत आदरार्थी अनेकवचन हा सभ्यतेचा पहिला धडा आहे. शिक्षकाला 'तुम्ही' म्हणावयाचे, हे ब्राह्मण-मराठा घरांतून आलेल्या मुलाला शाळेत शिकावे लागत नाही. वारल्यांच्या बोलण्यात थोरामोठ्यांनाही एकेरी हाक घालण्याची रीत आहे आणि तीत अनादराचा लवलेश नसतो. ह्या बोलीशी परिचय नसलेला, घाटावरच्या जिल्ह्यातून नुकताच आलेला शिक्षक मुलाच्या तोंडचा 'तू' ऐकतो तेव्हा त्याला तो उर्मटपणा वाटतो. तो रागावतो. आपले काय चुकले हे मुलाला उमगत नाही. गुरुजीशी बोलले की गुरुजी चिडतो, एवढेच त्याला उमगते, आणि ते बोलेनासे होते. पुढे त्याच्या प्रगतीच्या नोंदीत 'अबोल', 'लाजरे', 'मंद' असे शेरे पडतात. वस्तुतः येथे मुलात कोणताही दोष नाही. दोन बोलींतील सर्वनामव्यवस्थांचा तो संघर्ष आहे. शब्दसंग्रहाची अडचण ह्याच्या मानाने किरकोळ म्हणावी लागेल, कारण न कळलेला शब्द विचारून घेता येतो. विचारणेच अपराध ठरल्यावर मात्र शब्दसंग्रह वाढविण्याची वाटच बंद होते. हीच गोष्ट आशयाच्या बाबतीत. ज्या मुलाच्या घरी धान्य ही कणसरी देवता आहे आणि लग्न धवलेरीच्या गाण्यावाचून लागत नाही, त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते ऐकून घेणारा कान नेमणुकीच्या वेळी कोणी तपासलेला नसतो.

नेमणुकीच्या वेळी काय तपासले जाते? महाराष्ट्रात २०१२ मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले. २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. २०१७ मध्ये तिच्या जोडीला अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आली आणि निवडीचे काम 'पवित्र' नामक संगणकीय प्रणालीकडे गेले. ही चाचणी २०० गुणांची. त्यांतील १२० अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे. ह्या व्यवस्थेच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. खाजगी संस्थांतील नेमणुकीसाठी उमेदवाराकडून देणगीच्या नावाखाली पैसे घेतले जाण्याचा जो प्रकार महाराष्ट्रात बोकाळला होता, त्याला आळा घालण्याच्या हेतूने ती निर्माण झाली, आणि ओळखदेख नसलेल्या गरीब उमेदवाराला तिच्यात काही आशा दिसली. तथापि मानवी लहर काढून टाकताना मानवी संभाषणही निवडीतून निघून गेले. राज्यभरासाठी एकच प्रश्नपत्रिका असल्यावर तीत तलासरीच्या पाड्यासंबंधी काही असणे शक्यच नव्हते. यादीतील क्रमांक व जागेची उपलब्धता ह्यांचा मेळ घालून दूरच्या जिल्ह्यातील उमेदवार येथे रुजू होतो. प्रारंभीची तीन वर्षे तो शिक्षणसेवक असतो. त्याचे प्राथमिक स्तरावरील मानधन २०२३ पासून १६,००० रुपये झाले. त्यापूर्वी ते पुष्कळच कमी होते. घर दूर, मानधन अल्प, मुलांची बोली अपरिचित. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज त्याने मनातल्या मनात लिहून ठेवला असल्यास त्याला दोष कसा द्यावा? बोली कळू लागते न लागते तोच तो निघून जातो, आणि नवा शिक्षक पुन्हा पहिल्या 'तू'पासून आरंभ करतो.

ह्यावर उपाय म्हणून 'स्थानिक' हे विशेषण पुढे आले. ९ जून २०१४ रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील अधिकारांत अधिसूचना काढली आणि अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांसह काही संवर्गांची पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांतून भरावयाचे ठरले. हेतू स्तुत्य, पण व्याख्या पाहावी. जो उमेदवार स्वतः, अथवा ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा २६ जानेवारी १९५० पासून जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सातत्याने राहत आले आहेत, तो स्थानिक. येथे स्थानिकत्व वंशावळीने व वास्तव्याने मोजले आहे. जव्हारकडील मल्हार कोळी उमेदवार तलासरीतील धोडिया वस्तीच्या शाळेसाठी पूर्णतः स्थानिक ठरतो. त्याला धोडिया बोली कळते की नाही, हे कोणी विचारीत नाही. आणि उंबरगावकडील पाड्यावर वाढलेला, तलासरीच्या मुलांची बोली जन्मतः बोलणारा वारली तरुण मात्र राज्याच्या सीमेपलीकडचा म्हणून स्थानिक ठरत नाही. 'आदिवासी' ही जणू एक भाषाच असावी असा ग्रह ह्या व्याख्येमागे आहे. ती भाषा कोणत्याही सर्वेक्षणात आढळत नाही.

ह्याच सुमारास आंध्र प्रदेशातील असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयात होता. त्या राज्याने २००० साली अनुसूचित क्षेत्रांतील शाळांमध्ये शिक्षकांची सर्व पदे अनुसूचित जमातींसाठी राखीव केली होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २२ एप्रिल २०२० रोजी हे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरविले आणि आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पना नाकारली. भाषेच्या अभ्यासकाने ह्या निर्णयावर विचार करताना घाईने पक्ष घेण्याचे कारण नाही. जन्म हा अध्यापनाचा निकष असू नये, हे न्यायालयाचे म्हणणे तत्त्वतः कोण अमान्य करील? परंतु आरक्षणाचा निकष गेल्यावर त्याच्या आड उभी असलेली खरी गरज, म्हणजे मुलाची बोली जाणणारा शिक्षक, तीही उघड्यावर पडली. ती गरज भाषेच्या निकषात मांडली असती तर कदाचित वेगळ्या कसोटीवर तपासली गेली असती. जमातीचा दाखला हा बोलीच्या ज्ञानाचा पर्याय म्हणून वापरला गेला. पर्याय कोसळला तेव्हा मूळ वस्तूसाठी दुसरा शब्दच हाताशी नव्हता.

महाराष्ट्रातही ही भरती न्यायालयीन वादात अडकली आणि निवड होऊनही उमेदवार नेमणुकीवाचून राहिले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आमदारांसह मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्या मागण्यांत ही भरतीही होती. त्यानंतर तात्पुरत्या मानधनी नेमणुकांची वाट काढण्यात आली. आधी, २०२३ मध्ये, रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपयांवर घेण्याचा निर्णय झाला होताच. २०२५ मध्ये शासकीय आश्रमशाळांसाठी बाह्यस्रोतातून शिक्षक घेण्याचा निर्णय आला आणि त्यावर आंदोलने झाली. दरम्यान पदविका घेतलेला तलासरीचा तरुण महामार्गाने उंबरगाव-वापीच्या कारखान्यांकडे जातो. तेथे त्याला बोलीविषयी कोणी विचारीत नाही, पण शाळेतही कोणी विचारणार नव्हते.

ह्या सगळ्याला एक जुना प्रतिपक्ष ह्याच तालुक्यात उभा राहिलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले आणि पुढल्या दशकात ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, त्यातून 'अंगणवाडी' निघाली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळा कुरणात गेली, ती 'कुरणशाळा'. परदेशी शैक्षणिक साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने, बिया आल्या. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' ह्या आत्मकथनाचे वाचन सामान्यतः त्यागाची कथा म्हणून होते. आणि हे वाचन त्या ग्रंथावर अन्याय करणारे आहे. त्या कथेतील मोलाची गोष्ट त्याग ही नाही. मोरगावी जन्मलेली, पुण्याच्या हुजूरपागेत शिकविलेली एक शिक्षिका वारली मुलांपुढे उभी राहते तेव्हा तिची आधीची पात्रता अपुरी पडते, आणि ती पात्रता तिला पाड्यावर नव्याने मिळवावी लागते. पात्रता ही नेमणुकीपूर्वी एकदाच सिद्ध करावयाची वस्तू नसून नेमणुकीनंतर वर्षानुवर्षे कमवावयाची वस्तू आहे, ही कल्पना कोसबाडच्या प्रयोगाच्या गाभ्याशी आहे.

ह्याच १९४५ मध्ये, मे महिन्यात, थोड्या अंतरावर झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे त्याचे निवेदन. ही दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून क्वचितच वाचली जातात. दोहोंच्या निष्ठा भिन्न, मार्ग भिन्न; पण दोन्ही ठिकाणी शहरातून आलेल्या स्त्रीला पाड्याच्या बोलण्यातून आपला मार्ग काढावा लागला. दोन्ही पुस्तके अर्थातच प्रमाण मराठीत आहेत. वारली माणूस त्यांत बोलतो तो लेखिकेच्या भाषेच्या आधारे. हे दोष म्हणून नव्हे, मर्यादा म्हणून नोंदविले पाहिजे. कोसबाडच्या प्रसिद्धीत साधनांच्या देशीकरणाचे जेवढे कौतुक झाले तेवढा विचार बोलीच्या स्थानाचा झाला नाही, आणि त्यामुळे त्या प्रयोगातील जे अनुकरणीय होते ते नियमात उतरले नाही.

जे उतरले ते एका विचित्र रूपात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि डहाणू तालुक्यात रुजलेला 'अंगणवाडी' हा मराठी शब्द देशभर गेला. ह्या योजनेत सेविका त्याच गावची स्त्री असावी, असा दंडक आहे. म्हणजे पाड्यावरील मुलाला सहा वर्षांपर्यंत त्याच्या बोलीत बोलणारी बाई मिळते, आणि सहाव्या वर्षी तो शेजारच्या खोलीत गेला की त्याला राज्याच्या यादीतून आलेला शिक्षक मिळतो. सेविकेला मानधन, शिक्षकाला (तीन वर्षांनंतर का होईना) वेतनश्रेणी. बोली जाणणे हे स्वस्त श्रमाचे लक्षण आणि न जाणणे हे पगारी पदाला बाधक नाही, अशी ही वाटणी झाली आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. पाड्यावरच्या आईबापांना मुलाने शाळेत वारली शिकावी असे वाटत नाही. ती त्याला येतेच. त्यांना मराठी हवी आहे, बहुतेकांना इंग्रजीही. बोलीचा आग्रह हा शिकलेल्यांचा छंद ठरून मुले पाड्यातच अडकतील, ही भीती खोटी नव्हे. परंतु बोली जाणणारा शिक्षक हवा ही मागणी बोलीतच शिकवावे ह्या मागणीहून वेगळी आहे. प्रमाण मराठीपर्यंत जाणारी वाट मुलाच्या तोंडच्या वाक्यापासून सुरू होते आणि ते वाक्य शिक्षकाला कळले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. फलटणच्या बोलींतील विविधतेवर प्रबंध लिहिणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी पुढे तेथेच शाळा काढली, ह्यात हाच कार्यकारणभाव दिसतो. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. स्वतः वारली असलेला शिक्षकही वर्गात वारली बोलेलच असे नाही. शाळेत दहा-बारा वर्षे ज्याचे बोलणे सुधारले गेले, तो सुधारण्याचे काम पुढे तितक्याच कडकपणे चालू ठेवतो. म्हणून केवळ जन्माने मिळालेले बोलीज्ञान पुरेसे नाही. त्याला अध्यापनातील एक कौशल्य म्हणून मान्यता मिळाली तरच ते वर्गात येईल.

अशी मान्यता देण्याची पद्धत शासनाला अपरिचित नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील अमराठी कर्मचाऱ्यास ठराविक मुदतीत मराठी भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि ती घेण्याची यंत्रणा भाषा संचालनालयाकडे आहे. म्हणजे मंत्रालयातील टिप्पणी लिहिणाऱ्याला जनतेची भाषा आली पाहिजे, हे तत्त्व मान्यच आहे. आदिवासी क्षेत्रात काम करणाऱ्यांना २००२ च्या शासननिर्णयाने एकस्तर वेतनश्रेणीचा लाभही मिळतो; तो दुर्गम स्थळासाठी आहे, तेथली बोली शिकल्याबद्दल नाही. ह्या दोन तरतुदी एकत्र आणून, नेमणुकीनंतर दोन वर्षांत संबंधित पाड्याच्या बोलीची तोंडी परीक्षा आणि तीत उत्तीर्ण होणाऱ्यास वेतनातील लाभ, अशी योजना करता येईल. तीत जन्माचा निकष नसल्याने समानतेच्या तत्त्वाला बाध येत नाही. घाटावरून आलेल्या शिक्षकाला बोली शिकण्याचे आणि टिकून राहण्याचे कारण मिळते, आणि स्थानिक वारली उमेदवाराचे जे ज्ञान आज दोनशे गुणांत एका गुणाचेही नाही, त्याला प्रथमच किंमत येते.

अडचण परीक्षेच्या साहित्याची आहे. वारलीत डावर, मुर्डे, निहिर असे पोटभेद सांगितले जातात. कोणत्या पाड्यावर कोणते बोलणे चालते, एकेरी संबोधन कोठवर जाते, क्रियापदाची रूपे किनाऱ्याकडे आणि डोंगराकडे कशी बदलतात, ह्यांची शिक्षकाला हाती धरता येईल अशी पुस्तिका हवी. ती जिल्हा परिषदेचा शिक्षणविभाग तयार करू शकणार नाही. ते काम भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आहे, आणि त्यासाठी तलासरीतील महाविद्यालयात शिकणारी वारली व धोडिया मुलेमुली त्यांना सहकारी म्हणून मिळू शकतात. तोंडी परीक्षेला परीक्षक कोण बसवावा, हे त्यानंतर ठरवावे लागेल. नियमाला पदविका हवी असेल, तर पाड्यावरची धवलेरी त्यात बसणार नाही.